वाचकांचे प्रश्न : दार्जिलिंगला जाण्याआधी महिना ठरवा

शाळांच्या सुट्ट्या जाहीर होऊ लागल्या की या सदराच्या टपालात सहलींची पत्रे वाढतात. या खेपेस मुंबई आणि आसपासच्या उपनगरांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच दार्जिलिंगविषयी आहेत, म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून लांब पत्रांचा केवळ सारांश छापला आहे.

प्रश्न : आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले दार्जिलिंगला जाण्याच्या विचारात आहोत. चहाचे मळे आणि कांचनजंगा, दोन्ही नीट पाहायचे आहे. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिना किंवा दिवाळी एवढेच पर्याय हाताशी आहेत. कोणता निवडावा? (डोंबिवली)

उत्तर : आधी घरात बसून एक गोष्ट ठरवावी, ती म्हणजे तुम्हाला मुख्यतः शिखर पाहायचे आहे की चहा. दोन्ही एकाच गावात असली तरी दोघांचे महिने वेगवेगळे आहेत आणि सहल फसल्याची जी पत्रे आमच्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ या न ठरवण्यातच सापडते.

चहाच्या झुडपाचे वर्ष फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होते. थंडीत निजलेल्या झुडपांना त्या सुमारास नवी पालवी फुटते आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत खुडल्या जाणाऱ्या या पानांना व्यापारात ‘फर्स्ट फ्लश’, म्हणजे पहिला बहर, म्हणतात. या चहाचा रंग फिका सोनेरी, किंचित हिरवट असतो आणि परदेशी गिऱ्हाईक त्यावर तुटून पडते. त्यानंतर काही आठवडे झुडपे विसावतात. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत दुसरा बहर येतो, त्याचा रंग तांबूस आणि चव अधिक भरदार असते. पिकलेल्या द्राक्षांची आठवण करून देणारा ‘मस्कटेल’ म्हणून जो स्वाद प्रसिद्ध आहे, तो याच बहराचा. या स्वादामागचे कारण मुलांना जरूर सांगावे. हिरवे तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानांतला रस शोषतात आणि त्या इजेला उत्तर म्हणून झुडूप काही सुगंधी द्रव्ये तयार करते. आपल्या कोकणातला आंबा बागायतदार ज्या तुडतुड्यांच्या नावाने बोटे मोडतो, त्यांच्याच भाईबंदांच्या कृपेने दार्जिलिंगच्या चहाला भाव मिळतो. पावसाळ्यातील पाने भराभर वाढतात, पण त्यांचा चहा गडद आणि सामान्य होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शरदातला शेवटचा, मवाळ बहर येतो आणि डिसेंबरपासून खुडणी थांबून छाटणी सुरू होते.

कांचनजंगाचा हिशेब याहून निराळा आहे. ८,५८६ मीटर उंचीचे हे जगातले तिसऱ्या क्रमांकाचे शिखर पाऊस सरल्यावर धुतलेल्या हवेत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, सर्वांत स्वच्छ दिसते. मार्च-एप्रिलमध्ये हवेत धुरकटपणा असतो आणि मे महिन्यात दर्शन बहुधा पहाटेच्या तासा-दोन तासांपुरते होते, नंतर ढग चढतात. मे महिन्यात चार दिवस राहून शिखर एकदाही न दिसलेली कुटुंबे पुष्कळ आहेत.

म्हणून तुमच्यासाठी आमचा कौल दिवाळीला आहे, विशेषतः दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरात येत असेल तेव्हा. शिखर दिसण्याची शक्यता मोठी असते आणि शरदाच्या बहरामुळे मळ्यात खुडणी व कारखान्यात काम, दोन्ही चालू असते. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दुर्गापूजेच्या सुट्टीत निम्मे कोलकाता डोंगरावर येते आणि त्याच दिवसांत दसैं हा तिथल्या नेपाळीभाषक समाजाचा सर्वांत मोठा सण असल्याने मळ्यांनाही सुट्टी असते, तेव्हा ते दिवस टाळून मागाहून जावे. दुसरे असे की ऑक्टोबरचा आरंभ निर्धोक समजू नये. २०२५ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीच्या अतिवृष्टीने मिरिक आणि दार्जिलिंग परिसरात दरडी कोसळून जीवितहानी झाली आणि दुधिया येथील बालासन नदीवरचा पूल पडला. मे महिन्याशिवाय गत्यंतरच नसेल तर महिन्याचा उत्तरार्ध निवडावा, मन चहात गुंतवावे आणि शिखर दिसले तर तो लाभ समजावा.

मुलांसाठी पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा. लाल पांडा आणि हिमबिबट्या यांच्या प्रजननाचे काम येथे चालते. त्याच आवारात १९५४ मध्ये स्थापन झालेली हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट आहे. १९५३ मध्ये एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारे तेनझिंग नोर्गे तेथे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक होते. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते, हे कार्यक्रम आखतानाच लिहून ठेवावे.

प्रश्न : माझे वय ६८ आणि यजमानांचे ७३. त्यांना रक्तदाब आहे, माझे गुडघे दुखतात. उंची आणि थंडी सोसेल का? पहाटे टायगर हिलला गेलेच पाहिजे, असे सगळे सांगतात. (मुलुंड)

उत्तर : दार्जिलिंग समुद्रसपाटीपासून सुमारे २,०४२ मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ दीडपट उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर बहुतेकांना विरळ हवेचा त्रास होत नाही, तरीही निघण्यापूर्वी यजमानांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पोहोचल्याचा दिवस विश्रांतीला ठेवावा. कोणी सांदकफूची जीपसफर सुचवली तर मात्र नम्रपणे नकार द्यावा, कारण ते ठिकाण ३,६३६ मीटरवर आहे आणि तेथील रस्ताही हाडे खिळखिळी करणारा आहे.

तुमच्या बाबतीत खरी अडचण उंचीची नसून पायऱ्यांची आहे. हे गाव डोंगराच्या धारेवर आणि तिच्या उतारांवर वसलेले आहे. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर जायचे तर मध्ये शे-सव्वाशे पायऱ्या सहज लागतात. माथ्यावरचा चौरस्ता आणि त्याभोवतीचा मॉल रोड मात्र बराचसा सपाट आहे, तेथे वाहनांना मज्जाव आहे आणि बसायला बाके आहेत. हॉटेल ठरवताना ‘दृश्य कसे आहे’ हे सगळेच विचारतात. तुम्ही त्याऐवजी गाडी दारापर्यंत येते का, खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि चौरस्त्यापर्यंतचा रस्ता चढाचा आहे का, हे विचारावे. पुष्कळ हॉटेलांत खोल्या उबदार ठेवण्याची सोय नसते, म्हणून गरम पाण्याची पिशवी घरूनच न्यावी. मुंबईकरांकडे स्वेटर असतो तो बहुधा एसी डब्यात घालण्यापुरता. नोव्हेंबरनंतर तेथे त्याने भागत नाही.

टायगर हिल गावापासून सुमारे ११ किलोमीटरवर, जवळजवळ २,५९० मीटर उंचीवर आहे. येथे घड्याळाची एक गंमत समजून घ्यावी. दार्जिलिंग मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेपंधरा रेखांशांवर आहे आणि घड्याळ मात्र देशभर एकच, त्यामुळे तेथे सूर्य आपल्यापेक्षा तासभर तरी आधी उगवतो आणि आधी मावळतो. मे महिन्यात पाच वाजण्याच्या आत सूर्योदय होतो, म्हणजे साडेतीन वाजता कुडकुडत जीपमध्ये बसणे आले. माथ्यावर गर्दी इतकी की पुढे उभ्या असलेल्यांच्या उंचावलेल्या मोबाइलांतूनच अनेकांना कांचनजंगाचे दर्शन घडते. हवा अतिशय स्वच्छ असेल तर तेथून एव्हरेस्टचे टोकही दिसते, परंतु ते दूरवर आणि लहानसे. तुम्ही दोघांनी टायगर हिल खुशाल वगळावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणाऱ्या मॉल रोडच्या मागच्या बाजूस शाल पांघरून बसावे. तीच शिखरे, तोच गुलाबी होत जाणारा बर्फ तेथूनही दिसतो आणि उजाडल्यावर दहा मिनिटांत गरम चहाशी पोहोचता येते. हिवाळ्यात गेलात तर पाच वाजेपर्यंत अंधार पडतो, त्यामुळे दुपारची फेरी लवकर उरकावी.

तुमच्या पत्रात भगिनी निवेदितांविषयीच्या वाचनाचा उल्लेख आहे. १३ ऑक्टोबर १९११ रोजी त्यांचे निधन दार्जिलिंगमध्येच, रॉय व्हिला या वास्तूत झाले. ती वास्तू आता रामकृष्ण मिशनकडे आहे. देशबंधू चित्तरंजन दास यांचेही अखेरचे दिवस १९२५ मध्ये याच गावात गेले. ठरावीक ‘पॉइंट’ पाहण्यात तुम्हाला फारसे स्वारस्य दिसत नाही, तेव्हा एक सकाळ रॉय व्हिलासाठी ठेवावी.

प्रश्न : एका सहल कंपनीने सात दिवसांत गंगटोक, लाचुंग, पेलिंग, कालिम्पाँग आणि दार्जिलिंग असा कार्यक्रम दिला आहे. दर वाजवी वाटतो. घ्यावा का? (गिरगाव)

उत्तर : घेऊ नये. नकाशावर ही ठिकाणे हाताच्या बोटांएवढी जवळ दिसतात, पण डोंगरी रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटर म्हणजे चांगला वेग समजावा लागतो. सातपैकी पहिला आणि शेवटचा दिवस मुंबईच्या विमानप्रवासात जातो; उरलेल्या पाचांत दररोज सामान बांधणे, गाडीत चार ते सहा तास बसणे आणि गाडी लागलेल्या मंडळींसाठी वाटेत थांबणे, एवढेच पदरात पडते. दार्जिलिंगच्या वाट्याला अशा कार्यक्रमात एक संध्याकाळ आणि एक अर्धवट झोपेची पहाट येते, मळा येतो तो गाडीच्या काचेतून. लाचुंगसारख्या उत्तर सिक्कीममधील ठिकाणांना वेगळे परवाने लागतात आणि ४ ऑक्टोबर २०२३ च्या तीस्तेच्या महापुरानंतर त्या बाजूचे रस्ते वारंवार बंद पडत आले आहेत. सात दिवसांत दार्जिलिंग आणि कर्सियांग, किंवा दार्जिलिंग आणि कालिम्पाँग, एवढेच करावे. सिक्कीमसाठी स्वतंत्र सुट्टी काढावी.

प्रश्न : मुंबईहून जाण्याचा सोयीचा मार्ग कोणता? टॉय ट्रेनने पूर्ण प्रवास करावा की फेरीपुरती बसावे? आमच्या माथेरानच्या गाडीपेक्षा ती वेगळी आहे का? (ठाणे)

उत्तर : विमानाने बागडोगरा, किंवा रेल्वेने न्यू जलपाईगुडी, असे दोन मार्ग आहेत. मुंबईहून बागडोगऱ्याला थेट विमाने आहेत आणि साधारण तीन तास लागतात. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कामाख्या-गुवाहाटीकडे जाणाऱ्या काही गाड्या न्यू जलपाईगुडीमार्गे जातात, त्यांत दोन रात्री मोडतात; वेळ असलेल्यांनी कोलकात्यात एक मुक्काम करून सियालदहहून रात्रीची दार्जिलिंग मेल पकडावी. बागडोगरा किंवा न्यू जलपाईगुडीपासून दार्जिलिंग मोटारीने साधारण ७० ते ७५ किलोमीटर आहे आणि तीन ते चार तास लागतात. शेअर जीप स्वस्त पडते, पण तिच्यात मागच्या आडव्या बाकावर जागा मिळाली तर गुडघे हनुवटीला टेकतात, म्हणून पुढच्या दोन रांगांचाच आग्रह धरावा.

आता गाडीविषयी. माथेरान आणि दार्जिलिंग, दोन्ही रेल्वे दोन फुटी गेजच्या आहेत, म्हणून पहिल्या नजरेत घरचीच गाडी वाटते. मात्र नेरळ-माथेरान मार्ग १९०७ साली सुरू झाला आणि सुमारे २१ किलोमीटरचा आहे, तर दार्जिलिंग हिमालयन रेल्वे १८७९ ते १८८१ या काळात बांधली गेली आणि न्यू जलपाईगुडीपासून तिची लांबी सुमारे ८८ किलोमीटर भरते. दातेरी रुळांचा आधार न घेता ही गाडी दोन युक्त्यांनी उंची गाठते: कुठे रूळ गोल फिरवून स्वतःच्याच मार्गावरून वर नेले आहेत, तर कुठे गाडी पुढे जाते, थांबते, उलट मागे चढते आणि पुन्हा पुढे निघते. या दुसऱ्या प्रकारात क्षणभर गाडी परत खाली निघाली की काय, असे वाटून नवखे प्रवासी एकमेकांकडे पाहू लागतात. रूळ मोटाररस्त्याला इतके चिकटून जातात की बाजारातून जाताना दुकानदाराने टांगलेले स्वेटर खिडकीतून हाताला लागतील. घूम हे २,२५८ मीटर उंचीवरचे भारतातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक याच मार्गावर आहे आणि तेथून पुढे गाडी दार्जिलिंगकडे चक्क उतरते. १९९९ मध्ये युनेस्कोने या रेल्वेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पूर्ण प्रवासाला सात तासांहून अधिक वेळ लागतो आणि पावसाळ्यात दरडींमुळे तो अनेकदा रद्द होतो. रेल्वेचे वेड असलेल्याने तो एकदा करावाच. मुलाबाळांसह जाणाऱ्यांना दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ही सुमारे दोन तासांची फेरी पुरे होते. वाटेत बतासिया लूपवर गोरखा सैनिकांचे स्मारक आहे आणि घूमला रेल्वेचे संग्रहालय. वाफेच्या इंजिनाची फेरी डिझेलपेक्षा महाग आहे, तरी घ्यायची तर तीच घ्यावी. कोळशाची कणी डोळ्यांत जाते, म्हणून चष्मा जवळ ठेवावा. आरक्षण रेल्वेच्या नेहमीच्या संकेतस्थळावर होते आणि सुट्टीच्या हंगामात ते लवकर भरते.

प्रश्न : गेल्या वर्षी दार्जिलिंगहून येताना एका दुकानातून महागडा ‘दार्जिलिंग चहा’ आणला. घरी नेहमीप्रमाणे आले, गवती चहा आणि दूध घालून उकळला, तर तो अगदी पाणचट झाला. आम्ही फसवले गेलो का? अस्सल चहा ओळखावा कसा? (विलेपार्ले)

उत्तर : फसवणूक झालीच असेल असे नाही. तुमच्या घरी जो चहा रोज होतो तो दाणेदार सीटीसी पुडीचा, बहुधा आसाम किंवा डुआर्सच्या सपाटीवरचा. त्याची पाने यंत्रात चिरडून, फाडून, गोळ्या वळून तयार होतात, त्यामुळे आधणात पडताच त्यांचा रंग आणि कडकपणा भराभर उतरतो आणि दूध, साखर, आले या सगळ्यांना तो पुरून उरतो. दार्जिलिंगच्या मळ्यांतली झुडपे मुख्यतः चिनी वाणाची, लहान पानांची आहेत. ही पाने रात्रभर सुकवून मऊ करतात, यंत्रात हलकेच पिळतात, हवेत ठेवून तांबूस होऊ देतात आणि मग गरम हवेने वाळवतात. पान शक्यतो अखंड राहावे हाच त्या खटाटोपाचा हेतू असतो. असल्या चहाला दुधात उकळणे म्हणजे केशरी आंब्याच्या फोडींना फोडणी देण्यासारखे आहे.

एकदा पुढीलप्रमाणे करून पाहावे. दोन कपांसाठी पाच ग्रॅमच्या आसपास पाने घ्यावीत. पाने फुलकी असल्याने ती चमच्याने मोजली तर दोन भरलेले चमचे होतात. पाणी उकळी फुटताच उतरवून अर्धे-पाऊण मिनिट थांबावे, मग पानांवर ओतून झाकण ठेवावे आणि तीन मिनिटांनी सगळेच्या सगळे गाळून घ्यावे. पाने पाण्यात राहू दिली तर दुसरा कप कडवट होतो. दूध नको. साखर घालायचीच असेल तर अर्धा चमचा, तीही पहिला घोट बिनसाखरेचा घेतल्यावर. मग तुमच्या जिभेनेच ठरवावे. घरातल्या ज्येष्ठांना हा चहा ‘आजाऱ्याचा’ वाटण्याची दाट शक्यता आहे. त्यांचा सकाळचा आल्याचा चहा काढून घेऊ नये.

आता अस्सलपणाविषयी. भौगोलिक निर्देशांकाची, म्हणजे जीआयची, भारतातील पहिली नोंदणी २००४ मध्ये झाली ती दार्जिलिंग चहाचीच, आणि २०११ मध्ये युरोपीय संघानेही या नावाला संरक्षण दिले. नोंदणीकृत ८७ मळ्यांत पिकलेल्या आणि तेथेच तयार झालेल्या चहालाच हे नाव लावता येते. एकेकाळी या मळ्यांतून वर्षाला एक कोटी किलोहून अधिक चहा निघे. जुनी झालेली झुडपे, बेभरवशाचा पाऊस, कामगारांची गळती आणि २०१७ मधील १०४ दिवसांचा बंद, ज्यात मोलाचा दुसरा बहर जवळजवळ सगळा बुडाला, यांमुळे अलीकडे तो साठ लाख किलोच्या आसपास घसरला आहे. नाव मात्र जगभर त्याहून कितीतरी अधिक चहावर छापले जाते. सीमेपलीकडच्या नेपाळातील इलाम भागातला चहा दिसायला सारखा आणि स्वस्त असल्याने तो दार्जिलिंगच्या नावाने खपवला जातो, अशी मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे. तो चहा वाईट असतो असे अजिबात नाही. त्याच्याच नावाने आणि त्याच्याच भावाने तो मिळाला पाहिजे, इतकेच.

खरेदी करताना पाकिटावर टी बोर्डाचे चिन्ह पाहावे. त्यात दोन पाने आणि कळी धरलेल्या स्त्रीची एका बाजूने दिसणारी आकृती असते. मळ्याचे नाव, बहर आणि वर्ष लिहिलेले असावे. दुकानाच्या दारात पिंपात उघडा ठेवलेला ‘स्पेशल दार्जिलिंग’ घेऊ नये, कारण हवा आणि उजेड लागून त्याचा सुगंध केव्हाच उडालेला असतो. एसएफटीजीएफओपी अशी अक्षरांची लांबलचक माळ पाकिटावर असते, ती पानाच्या आकाराची आणि कळ्यांच्या प्रमाणाची प्रतवारी आहे. चवीची हमी तिच्यात नाही. चांगला दुकानदार मागितल्यावर दोन-तीन चहा करून चाखायला देतो. जो देत नाही, त्याच्याकडून शंभर ग्रॅमहून अधिक घेऊ नये.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. मळा आणि कारखाना आतून पाहायचा आहे आणि पाने खुडणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे काढायची आहेत. त्यांच्या परिस्थितीविषयी वाचल्यापासून असे पर्यटक म्हणून जाणे योग्य आहे का, असाही प्रश्न पडतो. (दादर)

उत्तर : जावे, मात्र डोळे उघडे ठेवून जावे. गावाजवळच्या लेबाँग कार्ट रोडखाली १८५४ चा हॅपी व्हॅली मळा आहे, तेथे कारखाना दाखवण्याची व्यवस्था आहे. कर्सियांगजवळच्या मकाईबारीत १८५९ पासून चहाचा कारखाना आहे आणि तेथे कामगार कुटुंबांच्या घरी पाहुणे म्हणून राहण्याचीही सोय आहे. तुझ्यासारखीला दुसरा पर्याय अधिक उपयोगाचा ठरेल. रविवारी सहसा खुडणी नसते, त्यामुळे सोमवारी कारखान्यात पाहण्याजोगे काही नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी तर यंत्रे झाकूनच ठेवलेली असतात.

मळ्यात गेल्यावर केवळ हिरवाई पाहू नकोस, हात पाहा. पाठीवर बांबूची डोको म्हणजे टोपली, तिचा नाम्लो म्हणजे पट्टा कपाळावर, आणि दोन्ही हात मोकळे. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये दोन पाने आणि एक कळी धरून ती नखाने न तोडता खुडली जाते. दोन्ही हात वेगवेगळ्या फांद्यांवर चालतात, मूठ भरली की ती खांद्यावरून न पाहता मागे टाकली जाते. उतार इतका तीव्र असतो की आपल्याला नुसते उभे राहताना आधार शोधावा लागतो. चार ते साडेचार किलो हिरवी पाने सुकली की एक किलो चहा होतो. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमधील चहाकामगारांची रोजंदारी २३२ रुपयांवरून २५० रुपये झाली. चांगल्या बहराच्या शंभर ग्रॅमच्या पाकिटाची किंमत कित्येकदा याहून अधिक असते. कामगारांच्या वस्त्या मळ्याच्या जमिनीवर आहेत, ती जमीन सरकारने मळेवाल्यांना भाडेपट्ट्याने दिलेली आहे, म्हणून चार-पाच पिढ्या एकाच घरात राहूनही ते घर नावावर नाही, हा तेथील सर्वांत दुखरा प्रश्न आहे. तरुण मुले-मुली बंगळूर, दिल्ली, मुंबईकडे निघून जातात ती यामुळेच.

छायाचित्रांविषयी नियम साधा आहे. आधी बोलावे, ‘दिदी’ म्हणून विचारावे, मग कॅमेरा काढावा. कामाच्या वेळेत त्यांना थांबवू नये, कारण दिवसाचा ठरलेला वजनाचा आकडा त्यांना पुरा करायचा असतो; दुपारच्या सुट्टीत किंवा पाने मोजली जातात त्या ठिकाणी गेल्यास निवांत बोलता येते. पर्यटकांना टोपली आणि पोशाख भाड्याने देऊन खुडणीचा देखावा करू देण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. त्यात तू पडू नयेस, असे वाटते.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी जेवण मिळते का? आणि मागच्या सहलीत आमच्या हॉटेलाने ठरावीक वेळेतच, तेही जेमतेम पाणी दिले. भाडे पूर्ण घेऊन असे का करतात? (बोरिवली)

उत्तर : शाकाहारी जेवण सहज मिळते. बाजारात मारवाडी भोजनालये आहेत. कोबी-पनीरचे मोमो, भाज्यांचा थुक्पा म्हणजे शेवयांचे सूप, आणि दसैं व तिहार (तिथली दिवाळी) यांच्या सुमारास तांदळाच्या पिठाची तळलेली सेलरोटी जरूर खावी. मात्र थुक्प्याचे पाणी मांसाचे नाही ना, हे विचारून घ्यावे. याकच्या किंवा गाईच्या दुधाचा छुरपी नावाचा कडक तुकडा तासभर चघळावा लागतो. दातांची कामे झालेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाण्याविषयीची तक्रार समजण्याजोगी आहे, परंतु तिच्यात हॉटेलवाल्याचा दोष थोडाच असतो. दार्जिलिंगला वर्षाकाठी मुंबईपेक्षा अधिक, सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि उभ्या उतारांवरून तो वाहून जातो. गावाचा मुख्य पुरवठा सेंचलच्या इंग्रजकालीन तलावांतून येतो. ते तलाव बांधले तेव्हाच्या मानाने वस्ती कित्येक पटींनी वाढली आहे. २०११ च्या जनगणनेतच ती १ लाख १९ हजारांच्या घरात होती, आणि हंगामात पर्यटकांची भर पडते ती वेगळी. पुष्कळ घरे आणि हॉटेले टँकरचे विकतचे पाणी वापरतात. गल्ल्यांतून झऱ्याचे पाणी कॅनमध्ये भरून ढकलगाडीने नेणारी माणसे पहाटेपासून दिसतात. मार्च ते मे हा पाणीटंचाईचा काळ. त्या दिवसांत जाणार असाल तर आरक्षणाच्या वेळीच पाण्याच्या वेळा विचाराव्यात, बादलीने आंघोळ करावी आणि दररोज चादरी-टॉवेल धुवायला देऊ नयेत.